धावत्या भेटीच्या बाजूने

व्हेनिसला एका दिवसासाठी जाऊ नये, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलं असेलच. एखाद्या रीलमध्ये, ऑफिसात चहा घेताना, नाहीतर दिवाळी अंकातल्या प्रवासलेखात. शहर अंगात मुरू द्यावं लागतं म्हणे. पहाटे पाचला रिकाम्या गल्लीतून चाललं नाही तर व्हेनिस बघितलंच नाही म्हणे. आणि शेवटी ते ठेवणीतलं वाक्य: आम्ही टुरिस्ट नाही, आम्ही ट्रॅव्हलर. हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. लग्नात पहिल्याच पंगतीला बसून जिलबी दोनदा मागून घेणाऱ्या गावाकडच्या पाहुण्याकडे शहरातले नातेवाईक असेच बघतात.

मी एका दिवसासाठीच गेलो. आईबाबांना घेऊन गेलो. सकाळी नऊच्या आत उतरलो आणि रात्री साडेआठच्या गाडीने परत निघालो. तुमच्याकडेही एकच दिवस असेल तर एकच दिवस जा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. त्या शहराच्या नुकसानाचा हिशोब मांडायला बसलं तर दिवसापुरता आलेला माणूस त्या यादीत बराच खाली सापडतो. यादीत वर कोण आहे, ते बोलायला मात्र कोणी तयार नसतं, कारण वर तेच आहेत ज्यांना शहर ‘मुरवून’ घ्यायचं असतं.

आधी मुरवायला काय लागतं ते बघू. मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. 2024 मध्ये सहा महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं होतं. आईबाबांनी त्याआधी विमान जवळून बघितलं नव्हतं. बाबा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते, निवृत्त झाले. त्यांच्या शेंगेन व्हिसासाठी मी बँकेची स्टेटमेंटं, माझी पगारपत्रकं, प्रवासविमा, निमंत्रणपत्र, परत जाणार याचा पुरावा असा गठ्ठा जमवला. तेव्हा माणशी 80 युरो फी होती, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. व्हिसा मिळाला तो मोजून दिलेल्या दिवसांचा. माझी सुट्टी चार दिवसांची. व्हेनिसमधल्या शनिवारच्या एका साध्या खोलीचं एका रात्रीचं भाडं म्हणजे बाबांची पाच महिन्यांची ईपीएस पेन्शन. म्हणून आम्ही पादोवाला माझ्या एका मित्राच्या खोलीवर उतरलो. तो तिथे एमएस करतो. त्याने आईबाबांना पलंग दिला आणि आम्ही दोघं खाली झोपलो.

आता मला सांगा, ‘निवांत प्रवास’ ही वृत्ती आहे की बँक बॅलन्स? ज्याला पासपोर्ट दाखवला की दार उघडतं, ज्याला भरपगारी पाच-सहा आठवड्यांची सुट्टी आहे, तो आठ दिवस एका शहरात राहतो. छान करतो. पण ती त्याची सोय आहे. सोयीला शील म्हणायचं आणि ज्याला ती परवडत नाही त्याला उथळ म्हणायचं, हा उद्योग थांबला पाहिजे. शिवाय याचे मराठी प्रचारक जास्त कडवे असतात. ‘बारा दिवसांत नऊ देश’ करून आलेल्या काका-काकूंची टिंगल करायची, त्यांच्या बॅगेतल्या मेतकुटाची, चिवड्याची, आयफेल टॉवरपुढे हात पसरून काढलेल्या फोटोची. अरे, त्या काकूंनी तीस वर्षं भिशी लावून ते बारा दिवस विकत घेतलेत.

व्हेनिसमध्ये हा तुच्छभाव नुसता चेहऱ्यावर राहिला नाही, त्याचा कर झाला. 25 एप्रिल 2024 पासून शहराने प्रवेशशुल्क सुरू केलं. त्या वर्षी गर्दीचे 29 दिवस ठरवले होते. सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात जुन्या शहरात येणाऱ्याने पाच युरो भरायचे, फोनवर क्यूआर कोड घ्यायचा, तपासनीसाला दाखवायचा. नसेल तर 50 ते 300 युरो दंड. आम्ही गेलो तो मे महिन्यातला शनिवार त्या 29 मध्ये होता. सान्ता लुचिया स्टेशनातून बाहेर पडताना जॅकेट घातलेली पोरं कोड तपासत होती. आईने विचारलं, “गावात शिरायला पावती? जकात नाका आहे का हा?” बाबा म्हणाले, “माथेरानला नाही का दस्तुरी नाक्यावर घेत.”

बाबांचा दाखला चपखल होता, पण एक फरक होता आणि सगळी मेख त्यातच आहे. माथेरानला बाहेरचा जो येतो तो प्रवासी कर भरतो, दिवसाचा असो की चार दिवस हॉटेलात राहणारा. व्हेनिसमध्ये रात्री शहरात झोपणाऱ्या पाहुण्याला हे शुल्क माफ आहे. तो वेगळा मुक्कामकर भरतो ना, असं सांगतात. भरतो. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे रात्रीमागे साधारण एक ते पाच युरो. म्हणजे अगदी वरच्या दर्जाच्या हॉटेलातला माणूस एका रात्रीसाठी जे देतो, तेवढंच माझ्या आईने बाकावर बसून दशमी खाण्याचे दिले.

पाच युरोंची रक्कम मोठी नाही, मला मान्य आहे. तेव्हाचे साडेचारशे रुपये. माझी तक्रार रकमेची नाही, पत्त्याची आहे. बिल चुकीच्या पत्त्यावर पाठवलंय.

आणि हे मला कोणत्या अहवालाच्या आधी आईमुळे कळलं. आम्ही स्टेशनपासून एक नंबरच्या वापोरेत्तोने निघालो. वापोरेत्तो म्हणजे त्या शहराची एसटी, फक्त पाण्यावरची. तिकीट साडेनऊ युरो, 75 मिनिटांचं. स्थानिकांना त्यांच्या कार्डावर दीड युरोत. यावर बाबा अजिबात चिडले नाहीत. “त्यांची रोजची गाडी आहे, त्यांना स्वस्त पाहिजेच,” एवढं बोलून ते धक्क्याला लागताना दोर टाकणाऱ्या पोरीकडे बघत राहिले. प्रत्येक थांब्यावर ती दोराचा वेढा खुंट्याला असा टाकायची की बोट आपोआप आवळून धक्क्याला लागायची, मग फाटक सरकवायची, माणसं उतरवायची, वेढा सोडवायची. बाबांनी लागोपाठ अकरा थांबे तेच बघितलं. दोन्ही बाजूंना पाचशे-सहाशे वर्षांचे महाल सरकत होते आणि ते इंजिन रिव्हर्सला किती आधी टाकतात याचा अंदाज घेत होते. ट्रॅव्हलर मंडळी याला शहर बघणं म्हणतील की नाही, ठाऊक नाही.

सान मार्को चौक, घुमट, घंटाघर हे सगळं बघितलंच. ते घंटाघर 1902 साली कोसळलं होतं आणि 1912 मध्ये पुन्हा जसंच्या तसं उभं केलं, हे कळल्यावर आईला जुनं-नवं कसं ओळखायचं असा प्रश्न पडला. चौकात पायऱ्यांवर बसून खायला बंदी आहे, दंड होतो. त्यामुळे जेवायला आम्ही पुन्हा उलटे चालत कान्नारेजो भागातल्या एका सार्वजनिक बागेत गेलो. वाटेत आई एकदम थांबली. एका जुन्या दाराशेजारी भिंतीला आणि लोखंडी जाळीला सहा-सात छोट्या डब्या लटकवलेल्या होत्या, प्रत्येकीवर आकड्यांची चकती. “ही कुलुपं कसली रे?” मी सांगितलं, यात किल्ल्या असतात. घर दिवसाच्या भाड्याने घेणाऱ्याला फोनवर नंबर येतो, तो डबी उघडून किल्ली घेतो. मालकाला यावं लागत नाही.

“मग मालक राहतो कुठे?”

त्यानंतर आई बागेपर्यंत डब्या मोजत चालली.

रिआल्तो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात मोरेल्ली नावाचं औषधाचं दुकान आहे. त्याच्या काचेत 2008 पासून एक आकडा दिसतो, जुन्या शहरात आज किती माणसं राहतात त्याचा. 1951 साली ही संख्या सुमारे 1,75,000 होती. ऑगस्ट 2022 मध्ये ती 50,000 च्या खाली गेली. सान्ता मार्गेरिता चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानाने 2023 मध्ये दुसरा आकडा लावला: शहरात पर्यटकांसाठी खाटा किती. हॉटेलं आणि भाड्याची घरं मिळून. त्याच वर्षी सप्टेंबरात खाटांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या पुढे गेला. गावात राहणाऱ्यांपेक्षा पाहुण्यांची अंथरुणं जास्त.

लोक आधीपासूनच जात होते, हे खरं आहे. तळमजल्यांची ओल, 1966 चा महापूर, पाण्यापलीकडे मार्घेरातले कारखाने, मेस्त्रेतलं लिफ्टवालं कोरडं घर. अनेकांनी खुशीने व्हेनिस सोडलं. पण तेव्हा रिकामं झालेलं घर दुसरं कुटुंब घेऊ शकत होतं. आता त्या घराची किंमत आठवड्याच्या भाड्यावर ठरते, आणि शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दोर टाकणाऱ्या त्या मुलीचा पगार त्या भावाशी झुंजू शकत नाही.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर दोन प्रकारचे ताण येतात. एक म्हणजे ट्रॅफिक स्पाइक. सेलच्या दिवशी एकदम लाखभर लोक साइटवर येतात, सगळं मंदावतं, आम्हाला घाम फुटतो, संध्याकाळी लोक जातात आणि सर्व्हर पूर्वपदावर. दुसरा म्हणजे मेमरी लीक. प्रोग्राम थोडी थोडी मेमरी घेतो आणि परत सोडतच नाही. त्याचा गोंगाट होत नाही. आलेख हळूहळू चढतो आणि एका रात्री सगळं बंद पडतं. दिवसाचा प्रवासी हा स्पाइक आहे. भाड्याचं घर हा लीक आहे. व्हेनिसने स्पाइकवर पावती फाडली आणि लीकला सूट दिली. माझ्या टीममध्ये असं डिझाइन कोणी मांडलं असतं तर रिव्ह्यूलाच परत गेलं असतं.

स्पाइकचा त्रासही खराच असतो, ते मी नाकारणार नाही. रिआल्तोजवळच्या गल्ल्यांत दुपारी एक वाजता आम्ही अक्षरशः ढकलले जात होतो. बाजाराची पिशवी घेतलेली एक आजी भिंतीला चिकटून उभी होती, आणि तिच्या नजरेत आमच्याबद्दल जे होतं ते प्रेम नव्हतं. तिचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग गर्दी कमी करणारा उपाय करा. त्या 29 दिवसांत दिवसाला किती माणसं आत घ्यायची याची मर्यादाच नव्हती. पैसे भरा आणि या, कितीही या. आमच्याकडे याला रेट लिमिटिंग म्हणत नाहीत, बिलिंग म्हणतात. पहिल्या वर्षी सुमारे 4,85,000 लोकांनी पैसे भरले, जवळपास 24 लाख युरो जमले आणि गल्ल्या तशाच भरलेल्या राहिल्या. जिथे खरोखर मर्यादा घातली तिथे फरक पडला. ऑगस्ट 2021 पासून महाकाय क्रूझ जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे, आणि आज तिथे उभं राहिलं की समोर दहा मजली जहाज येत नाही.

घरांच्या बाबतीतही हत्यार हातात होतं. 2022 मध्ये इटलीच्या संसदेने खास व्हेनिससाठी तरतूद केली: अल्पमुदतीच्या भाड्याला वर्षाला 120 दिवसांच्या पुढे नियम लावायचा अधिकार नगरपालिकेला दिला. 2024 मध्ये प्रवेशशुल्काचे नाके उभे राहिले तेव्हाही तो अधिकार वापरलेला नव्हता. घरमालक मतदार असतो. पादोवाच्या गाडीतून उतरणारा नसतो.

बागेत जेवून आम्ही जवळच्या घेट्टोत गेलो. ‘घेट्टो’ हा शब्दच इथला. 1516 साली व्हेनिसच्या सरकारने ज्यूंना या एका बेटावर कोंडलं, रात्री फाटकं बंद करून. आजूबाजूच्या घरांपेक्षा इथली घरं उंच आहेत, सात-आठ मजले, आणि खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर बसल्यासारख्या. जागा वाढवून मिळणार नव्हती आणि माणसं वाढत होती, म्हणून मजल्यावर मजला चढला आणि छतं खाली आली. आई मुंबईत करी रोडच्या चाळीत दोन वर्षं राहिलेली आहे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. वीस मिनिटं होतो आम्ही तिथे. एका आठवड्यात तिला यापेक्षा जास्त काय कळलं असतं, ते मला ‘मुरवणाऱ्यांनी’ सांगावं.

बाहेर पडताना एका बांगलादेशी विक्रेत्याच्या गाड्यावर तिने फ्रिजला लावायची गोंडोला घेतली. (खरी गोंडोला अर्ध्या तासाला 90 युरो. तिच्याकडे आम्ही फक्त आदराने बघितलं.) तो सिनेमांतून शिकलेलं हिंदी बोलत होता. अकरा वर्षं व्हेनिसमध्ये धंदा, घर मेस्त्रेत, रोज सकाळी बसने यायचं, रात्री परत. अकरा वर्षांत व्हेनिसमध्ये एकही रात्र झोपलेलो नाही, म्हणाला. मेस्त्रेत बांगलादेशींची मोठी वस्ती आहे. मार्घेराच्या जहाजबांधणी कारखान्यात, हॉटेलांत, स्वयंपाकघरांत ते काम करतात. चादरी बदलणारे, भांडी घासणारे, कॉफी देणारे, बोटी चालवणारे यांतले बरेच जण दिवसापुरतेच येतात. कामगार म्हणून त्यांना शुल्क नाही, हे ठीक. पण ज्या शहरात शहर चालवणाऱ्यालाच रात्र परवडत नाही, त्या शहरात मुक्काम केल्याची फुशारकी मारताना जीभ जरा अडखळायला हवी.

आता त्या तुच्छभावाचा इतिहास, कारण तो काही इन्स्टाग्रामवर जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये 1841 च्या 5 जुलैला टॉमस कुकने सुमारे 500 माणसांना एक शिलिंगात लेस्टरहून लफबराला आगगाडीने नेऊन आणलं. दारूबंदीची सभा होती. आधुनिक पर्यटन ज्या घटनेपासून मोजतात ती ही, एका दिवसाची सहल. तीन वर्षांनी विंडरमीर तळ्याकडे रेल्वे जाणार म्हटल्यावर कवी वर्ड्सवर्थ विरोधात उभा राहिला. गिरण्यांतली माणसं तिथे येऊन काय करणार, ही त्याची चिंता. 1864 मध्ये कुकने गिऱ्हाइकं इटलीत नेली, तर पुढच्याच वर्षी चार्ल्स लीव्हर नावाच्या लेखकाने, जो तिथे ब्रिटनचा उपवाणिज्यदूत होता, टोपणनावाने लिहून टाकलं की ऑस्ट्रेलिया आता कैदी घेत नाही म्हणून सरकार कुकमार्फत ते इटलीच्या शहरांत सोडतंय. विनोद होता तो. पण कुणावर होता? पहिल्यांदाच समुद्र ओलांडलेल्या कारकुनांवर, शिक्षकांवर, एकट्या निघालेल्या बायकांवर.

आणि रस्किन. व्हेनिसच्या दगडांवर तीन खंड लिहिणारा, 1849 चा हिवाळा दानिएली हॉटेलात काढणारा. अभ्यास जबरदस्त, प्रश्नच नाही. पण वडिलांचा शेरीचा व्यापार होता. लोहमार्गाचा त्याला तिटकारा, आणि 1846 मध्ये खाडीवर पूल झाल्यापासून गाडी थेट व्हेनिसपर्यंत येऊ लागली होती. त्याच पुलावरून आम्ही आलो. बाबा खिडकीशी बसून दोन्ही बाजूंचं पाणी बघत गप्प झाले होते.

व्हेनिसचा स्वतःचा इतिहास तर या नाक मुरडण्याच्या उलट साक्ष देतो. पंधराव्या शतकात जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू युरोपभरातून इथे येत. जहाजाच्या मालकाशी लेखी करार व्हायचा: जाण्यायेण्याचं भाडं, जेवण, तिकडचे कर, गाढवं, सगळं मिळून एक रक्कम. त्यावर सरकारचे नियम होते, आणि सान मार्को चौकात यात्रेकरूंना मदत करायला सरकारने माणसं नेमलेली असत. आपल्याकडची यात्रा कंपनी हो, दुसरं काय. उल्मचा फेलिक्स फाब्री नावाचा साधू 1480 मध्ये असा गेला, तर पवित्र भूमीत त्याला मिळाले नऊच दिवस, रात्रंदिवस धावपळ करत. 1483 मध्ये तो पुन्हा गेला आणि मग भलंमोठं प्रवासवर्णन लिहिलं. धावती भेट ही त्याची सुरुवात होती. तिला हसून तो घरी बसला असता तर ते पुस्तक आपल्याला मिळालं नसतं.

आपण तरी जग कसं बघितलं? शाळेच्या सहलीतून. पहाटे चारला एसटी निघायची, कुणाच्या तरी पिशवीतल्या पुरी-भाजीचा वास, कुणीतरी घाटात ओकणार. एका दिवसात राणीचा बाग, म्युझियम, म्हातारीचा बूट, गेटवे, चौपाटी आणि परत. समुद्र मी असा पहिल्यांदा बघितला, आठवीत, पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं उथळ होती असं मला कोणी तोंडावर सांगून बघावं.

हाच भाव मुंबईत दर सहा डिसेंबरला दिसतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला लाखो माणसं दादरच्या समुद्राकाठी चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कला रांगा लावतात, मिळेल तिथे झोपतात आणि पुस्तकं विकत घेतात, इतकी की प्रकाशक त्या दिवसांची वाट बघतात. आलेत तर जाताना गेटवेही बघतात. त्याच दिवसांत आसपासच्या काही घरांतून ‘फार घाण करतात हो’ सुरू होतं, काही जण तर गावालाच निघून जातात. कचरा उचलायला किती गाड्या लागतात हा महापालिकेचा प्रश्न आहे आणि तो सोडवता येतो. ‘हे लोक इथे कशाला?’ हा वेगळाच प्रश्न आहे. तो विचारणारी जीभ आणि व्हेनिसमध्ये टूर बसकडे बघून च्च करणारी जीभ मला एकाच तोंडातली वाटते. आणि तेच लोक नंतर गोव्यात आसगावला चार दिवसांसाठी पोहण्याचा तलाव असलेला व्हिला घेतात, तो कुणाचं तरी घर होता किंवा शेत होतं हे न विचारता, आणि कळंगुटला बसने आलेल्या पोरांना म्हणतात की यांनी गोवा बिघडवला.

कोणी म्हणेल, मग काय करायचं, सगळ्यांनी बसा भरभरून जायचं? नाही. बार्सिलोनाने काय ठरवलं ते बघा. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या दहा हजारांवर फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर नूतनीकरण करायचे नाहीत, अशी घोषणा तिथल्या महापौरांनी जून 2024 मध्ये केली. ते पुरतं अमलात येईल का, कोर्टात अडकेल का, पुढचं पुढे. निदान बोट बरोबर जागी ठेवलंय. व्हेनिसमध्येही दिवसाची मर्यादा घाला, आम्ही नंबर लावू. आम्हाला रांगेची सवय आहे. तुळजापूरला लावतो, तिरुपतीला लावतो, तिथेही लावू. नंबर नाही लागला तर पादोवा बघू, तेही काही कमी नाही. गॅलिलिओ शिकवायचा तिथे.

पण व्हेनिसने दुसऱ्या वर्षी केलं ते असं. 2025 मध्ये शुल्काचे दिवस 29 वरून 54 केले, आणि चार दिवस आधी नोंदणी केली नाही तर पाचाऐवजी दहा युरो. त्याच वर्षी जूनच्या शेवटी अॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांचं लग्न व्हेनिसमध्ये झालं. तीन दिवस, सुमारे 200 पाहुणे, सान जॉर्जो बेटावर सोहळा. गावातले लोक विरोधात फलक घेऊन उभे राहिले, तर समारंभाची एक जागा बदलावी लागली. तीन दिवसांपैकी शुक्रवार आणि शनिवार हे दोन्ही शुल्काच्या यादीतले दिवस होते. शहरातल्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना नियमाप्रमाणे माफी होती. त्या दोन दिवशी सकाळी पादोवाहून, व्हिचेन्साहून, वेरोनाहून जे परदेशी प्रवासी डबा घेऊन गाडीतून उतरले, त्यांनी मात्र स्टेशनाच्या दारात फोन पुढे करून कोड दाखवला.